माळ रिकामा होता म्हणे

दौलताबादच्या किल्ल्यामागं जो माळ आहे, तिथं मेंढ्या राखणारी एक बाई आहे. मी तिला आत्या म्हणतो. नात्यानं ती माझी कोणी लागत नाही. तिचं सगळं आयुष्य त्या माळावर गेलं आणि माझं गाव पार चांद्याच्या पलीकडं, झाडीत. मला काम नव्हतं, खोली नव्हती, घरी परत जायला तोंड नव्हतं, तेव्हा तिनं मला घरात घेतलं. त्याच्याही आधी, भर गावासमोर माझी वाचा बसली असताना, ती माझ्या बाजूनं उभी राहिली. तेव्हा तिच्या मेंढ्यांच्या वाडग्याची राख अजून वाऱ्यानं उडत होती, आणि ज्या कंपनीमुळं ते जळलं त्या कंपनीचा माणूस मी होतो.

हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढं बोलणं जास्त होणार आहे ते दुसऱ्याच एका माणसाबद्दल.

माझी शाळा आठवीत सुटली. वडील बांबू तोडायला जायचे, ते एकदा उतारावरून घसरले आणि कमरेतून गेले. घरात मोठा मी. गावातला एक जण इकडं कारखान्यात होता, त्याच्या भरवशावर गाडीत बसलो. मुकुंदवाडीला उतरलो तेव्हा स्टेशन एवढंसं बघून वाटलं, आपण चुकलो, शहर अजून पुढं असणार. गाडी निघून गेली आणि मी फलाटावर तसाच उभा. ज्याच्या भरवशावर आलो तो आधीच सुरतेला निघून गेला होता. मग एका वर्कशॉपमध्ये लोखंडी पाइप उचलायचं काम धरलं. रात्री तिथंच पाइपांच्या शेजारी झोपायचो.

त्या वर्कशॉपमध्ये एक साहेब यायचा. त्याला एक उंच लोखंडी शिडी बनवून हवी होती. तिच्यावरून तो आभाळात नळ्या सोडणार होता, ढगातून पाऊस पाडायला. वर्षही तसंच होतं. ढग यायचे, किल्ल्यावर टेकल्यासारखे व्हायचे आणि जालन्याच्या बाजूला निघून जायचे. साहेब पुण्याकडचा, शिकलेला, पण डबा आमच्यात बसून खायचा. एकदा पाइपवाल्या ट्रकच्या ड्रायव्हरचं आणि मालकाचं भांडण लागलं, मी मधे पडून ते मिटवलं, आणि साहेब बघत होता. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "तू बोलतोस छान. लोक तुझं ऐकतात. माझ्याकडं येशील?"

मी गेलो. त्यानं मुकुंदवाडीत खोली दिली, कंपनीनं भाड्यानं घेतलेली. मला टायफॉइड झाला तेव्हा त्यानंच दवाखान्यात नेलं. खाटेशेजारी बसून मोसंबी सोलायचा, बिया काढून एकेक फोड हातात द्यायचा. घर सोडल्यापासून माझ्या कपाळाला हात लावून ताप बघणारा तो पहिला माणूस. त्याच्यासाठी मी काय नसतं केलं?

कंपनीचं ऑफिस उस्मानपुऱ्यात, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. तिथं साहेबानं मला बोलायला शिकवलं. माझं काम गावांशी बोलायचं होतं. रॉकेट म्हणायचं नाही, लोकांना लगेच लढाई दिसते, पाऊसबाण म्हणायचं. तो आपण सोडतो, डागत नाही. त्यात दारू नसते, इंधन असतं. ते पेट घेतं, त्याचा स्फोट होत नाही. आणि वर गेलेली नळी खाली येते तेव्हा ती पडत नाही, उतरते. एकदा माझ्या तोंडून "पडल्यावर" निघून गेलं तर साहेबानं बोटानं टेबलावर टकटक केलं, आणि मी घाईघाईनं "उतरल्यावर" म्हणालो. तो हसला. मलाही शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं.

यात काही खोटं आहे असं तेव्हा मनात आलं नाही. शिकलेल्यांची बोली अशीच असते असं धरून चाललो. आमच्या झाडीतही जंगलात शिरल्यावर वाघाला वाघ म्हणत नाहीत, मामा म्हणतात. पण तिथं नाव बदलतो तो आपण स्वतः भितो म्हणून. इथं नाव बदललं होतं ते दुसऱ्यानं भिऊ नये म्हणून. हा फरक कळायला मला फार उशीर लागला.

गावागावांत फिरायला लागलो. लोक चेष्टा करायचे. नळीत काय असतं असं एकानं विचारलं, मी सांगितलं, चांदीपासून केलेलं एक मीठ असतं. तर तो पारावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की आमच्या पोरीच्या लग्नात तोळाभर निघत नाही आणि तुम्ही आभाळाला चांदी चारता व्हय. मीही हसायचो. हसलं की माणसं ऐकतात हे मला माहीत होतं.

शिडी उभी करायची जागा साहेबानं आधीच ठरवली होती. किल्ल्यामागचा माळ. त्या माळाच्या एका अंगाला बोरीच्या काट्यांचं कुंपण केलेलं मेंढ्यांचं वाडगं होतं. दिवसा मोठा कळप चरायला जायचा आणि वाडग्यात कोकरं आणि नुकत्या व्यालेल्या मेंढ्या राहायच्या. त्यांच्याजवळ आत्या असायची. मी गेलो तेव्हा ती एका कोकराच्या तोंडात बोट घालून त्याला आईच्या सडाला लावत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "कुठला रं तू? बोलनं आपल्यातलं नाय."

मी चांद्याकडचा, झाडीतला म्हणालो.

"म्हंजी भातखाऊ," ती म्हणाली, आणि माझं तेच नाव पडलं. तिनं बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी दिली, आणि मी पहिल्या घासाला ठसकलो ते बघून पोट धरून हसली.

मग मी मला शिकवलेलं बोलणं चालू केलं. ती सगळं ऐकून घेत होती. संपल्यावर म्हणाली, "वर जातंय ते खाली यील ना?"

"येतं आत्या, पण हळू उतरतं. वर गेल्यावर छत्री उघडते."

"आन नाय उघडली तर?"

हे मला शिकवलेलं नव्हतं. मी काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, "घार उतरती. दगड पडतो. तुझी नळी कुनावानी हाय ते सांग."

मी घारीसारखी म्हणालो. तिला ते पटलं नाही हे तिच्या तोंडावर दिसत होतं, पण माझं तोंड बघून तिनं पुढं ताणलं नाही. नंतर एकदा ओळख वाढल्यावर तिनं किल्ल्याकडं बोट दाखवलं. वर बुरुजावर एक मोठी तोफ आहे, तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं केलेलं आहे, म्हणून लोक तिला मेंढा तोफ म्हणतात. आत्या म्हणाली, "मानसं मारायचं लोखंड, आन नाव आमच्या मेंढ्याचं. गरिबाचं नाव दिलं की ते बी गरीब दिसतंय." ती हे हसत म्हणाली होती. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. माझा स्वभावच भित्रा, एक गोष्ट डोक्यात शिरली की घिरट्या घालत राहते.

आत्यानं स्वतःच वाट काढून दिली होती. कोकरं लहान आहेत, काटे उपसून दुसरीकडं कुंपण करायचं म्हणजे लई काम, पण तू हलव म्हन, मी नाल्याच्या पल्याड वाडगं नेते, असं ती म्हणाली होती. मी ते घेऊन साहेबाकडं गेलो. नकाशावर बोट ठेवून दाखवलं, इथं शिडी, इथं वाडगं. त्यात दिवसभर जीव असतो. बाई हलवायला तयार आहे, सांगू का हलवायला?

साहेबानं नकाशाकडं बघितलं सुद्धा नाही. "उगाच घाबरवू नकोस त्यांना," तो म्हणाला. "राहू दे तिथंच. माझ्यावर सोड."

मी पुन्हा विचारलं. दोनदा विचारायची माझी सवयच आहे. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चालेल रे राजा."

त्या हातानं माझी सगळी भीती गेली. मी माळावर जाऊन सांगितलं, राहू दे आत्या, साहेब चालेल म्हणाले. ती म्हणाली, तुझा साहेब चालेल म्हनतोय का तू? मी म्हणालो, मी पण. खरं कारण मला नंतर समजलं. वाडगं हलवायचं तर तहसीलला कळवावं लागलं असतं की शिडीच्या हद्दीत वस्ती आहे, मग परवानगी अडकली असती. अर्जात माळ रिकामा म्हणून दाखवला होता.

पहिले बाण नीट गेले. छत्री उघडली, नळ्या पांढऱ्या रुमालासारख्या डुलत आल्या आणि पोरं त्यांच्यामागं पळाली. एकदा थोडी भुरभुर झाली, साहेबाला लोकांनी खांद्यावर घेतलं. आत्यानं तळहात पुढं करून बघितला आणि म्हणाली, यवढ्यानं तर माझं पातळ बी भिजलं नाय. पण तिनं आमच्यासाठी दूध पाठवलं. माझा जीव थाऱ्यावर आला. रात्री घरी फोन करून आईला सांगितलं, मी चांगल्या माणसाच्या हाताखाली आहे, काळजी करू नको.

मग एके दिवशी पाहुणे आले. चांगल्या बुटांतले तीन-चार जण, लांबून आलेले. आभाळ पुसल्यासारखं निळं होतं, ढगाचा ठिपका नाही. मला कळेना की आज कशाला बाण सोडायचा. शिडीला बोल्ट आवळणारा आमचा वेल्डर होता, शहागंजकडचा, दखनी बोलणारा. त्याला विचारलं, ढग कुठंयत? तो म्हणाला, "मियाँ, बादल कू क्या करना? मेहमान आए ना."

मी खुर्च्या लावत होतो, शहाळी फोडून देत होतो. साहेब पाहुण्यांना नळी दाखवत होता आणि तीच नळी, जिच्याबद्दल मी गावोगाव बोललो, तिच्याबद्दल तो दुसऱ्याच भाषेत बोलत होता. पल्ला किती. मारा किती अचूक. लक्ष्य चालतं असलं तर काय, एका जागी असलं तर काय. नळीतली मोटर मूळची शस्त्रातली आहे, मुदत संपलेली मिळाली, आम्ही तिला नवं आयुष्य दिलं, असं तो अभिमानानं सांगत होता. हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. एका पाहुण्यानं विचारलं, आणि ती भरकटली तर? साहेब हसून म्हणाला, "काळजी नको. माळ रिकामा आहे."

माझ्या हातात शहाळं होतं. तिथून वाडगं दिसत होतं. कोकरांचं ओरडणं ऐकू येत होतं. साहेबालाही येत असणार, तो माझ्याएवढ्याच अंतरावर उभा होता. तरी मी स्वतःची समजूत घातली. तो पाहुण्यांशी त्यांच्या बोलीत बोलतोय, गावाशी मी गावाच्या बोलीत बोलतो, तसंच असेल.

प्रत्येक वेळी बाण सोडण्याआधी नारळ फुटायचा. त्या दिवशी साहेबाला वाटलं की पाहुण्यांना इथली रीत दाखवावी. आत्याला बोलावून आण म्हणाला. तिच्यातली रीत अशी की नवं काही दारात आलं, मेंढी असो, बैलगाडी असो की सून असो, त्याच्यावर भंडारा उधळायचा. मी तिला वाडग्यावरून घेऊन आलो. तिनं मल्हाराचं नाव घेऊन नळीवर मूठभर हळद उधळली. साहेबानं आपणहून डोकं पुढं केलं, तिनं त्याच्याही कपाळाला ती माखली. फोटो निघाले. पिवळं कपाळ घेऊन साहेब पाहुण्यांकडं बघून हसत होता.

नळी सुटताना नेहमी कापड फाडल्यासारखा आवाज व्हायचा. त्या दिवशी खोकल्यासारखा झाला. नळी वर गेली, पण नेहमीएवढी नाही. मधेच थबकल्यासारखी झाली, आडवी झाली, आणि धूर सोडत वळली. छत्री उघडली नाही. मी वर बघत असताना आत्या वर बघत नव्हती. ती वाडग्याकडं पळत सुटली होती. नळी तिच्या आधी पोचली.

वाळलेली बोरीची काटी कशी पेटते ते ज्यानं बघितलंय त्याला पुढचं सांगायला नको. पाण्याचं पिंप लांब होतं. आम्ही मातीनं, गोणपाटानं, हातानं विझवत राहिलो. वेल्डरनं सदरा काढून झोडपलं. काही मेंढ्या कुंपण तोडून बाहेर आल्या. कोकरांना तेवढी उडी नव्हती. आत्याचे दोन्ही तळहात भाजले, एक अजून हळदीनं पिवळाच होता. मी मागं वळून साहेबाला शोधलं. तो पाहुण्यांना गाडीत बसवत होता. दार लावता लावता तो त्यांना म्हणाला, चला, चहा घेऊ. तेवढं मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात छोटी बातमी आली. उड्डाण समाधानकारक. शेवटच्या टप्प्यात किंचित विचलन. बाण निर्मनुष्य माळावर उतरला, हानी नाही. आत्यानं मला ती वाचून दाखवायला लावली. हातांना फडकी बांधलेली, भिंतीला टेकून बसली होती. संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "उतरला म्हंतेत?"

मी पेपरची घडी घालत राहिलो. तो शब्द तिच्या दारात मीच नेला होता.

दोन-तीन दिवसांनी साहेबानं उस्मानपुऱ्याला बोलावलं. चौकशी लागली होती, तहसीलचे अधिकारी गावात येणार होते. साहेबानं चहा मागवला, माझ्या भाजलेल्या बोटांची विचारपूस केली, मलम आणून दिलं. मग म्हणाला, कारण सापडलंय. नळीच्या तोंडात बाह्य पदार्थ गेला. मला कळलं नाही. तो म्हणाला, हळद. भंडारा. बाहेरच्या बाईनं परवानगी नसताना टाकला.

मी म्हणालो, साहेब, तुम्हीच बोलवायला सांगितलं होतं.

तो खुर्ची जवळ ओढून बसला. आवाज अगदी तोच, दवाखान्यातला. "हे बघ, तू शिकलेला नाहीस. तुझ्याकडून राहून गेलं, तुझं लक्ष नव्हतं, असं तू म्हणालास तर तुला कोणी काही करणार नाही. मी म्हणालो तर सगळं बंद होईल. मी तुला सांभाळून घेईन."

मी खाली आलो आणि जिन्यावरच बसलो. तो काय मागतोय ते मला नीट कळत होतं. दोष आत्याच्या हळदीचा ठरला असता, तर तिच्याच हातानं तिचं वाडगं जळलं असं झालं असतं. मग भरपाई कसली आणि मेंढ्या कसल्या. उलट तिनंच बाणाचं नुकसान केलं असं कोणी म्हणालं असतं. आणि मी नाही म्हणालो तर? खोली त्याची, पगार त्याचा. टायफॉइडमधून उठवलेला जीवही त्याचाच, असं मला तेव्हा खरंच वाटत होतं.

मारुतीच्या पारावर सगळे जमले. अधिकारी खुर्चीत, साहेब शेजारी, गाव खाली. साहेबानं बाह्य पदार्थाचं सांगितलं, छान, शांतपणे. मग माझ्याकडं बोट करून म्हणाला, ही जबाबदारी यांच्याकडं होती. यांच्याकडं. इतके दिवस मला तू म्हणणारा माणूस एकदम मला आदर देऊन बोलला, आणि मी ओळखलं की आता आपण त्याचे कोणी नाही.

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, खरं आहे का? मी उभा राहिलो. तोंडातून आवाज फुटेना. मागून कोणीतरी म्हणालं, आता का दातखीळ बसली, मागं तर लई पोपटावानी बोलत हुता. लोक हसले. साहेब माझ्याकडं मायेनं बघत होता, मान हळूच हलवत होता, हो म्हण म्हणून.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आत्या उठली. तिला कोणी विचारलेलं नव्हतं.

"भंडारा म्या टाकला," ती म्हणाली. "बोलिवलं म्हनून टाकला. नळीवर बी टाकला आन ह्या सायबाच्या कपाळाला बी लावला. त्याचं डोकं नाय फुटलं ते?"

पारावर एकच हशा पिकला. अधिकाऱ्यांनीही तोंडावर हात घेतला. आत्या हसली नाही. फडकी बांधलेला हात माझ्याकडं करून म्हणाली, "आन ह्या पोराला काय इच्यारता? त्याला जे शिकिवलं ते त्यानं सांगितलं. वाडगं हलविते म्हनून म्या सांगितलं व्हतं. ते ह्यानं वर सांगितलं का नाय, यवढं इच्यारा."

मग मला आवाज आला. मी म्हणालो, सांगितलं होतं. दोनदा. साहेब चालेल म्हणाले.

एवढंच बोललो. साहेबाकडं बघायची हिंमत झाली नाही. बघितलं तेव्हा तो मोबाइलमध्ये काहीतरी वाचत होता.

आत्याच्या माथी दोष आला नाही, माझ्याही आला नाही. पण साहेबाच्याही आला नाही. चौकशी पुढं सरकत राहिली आणि कुठंतरी थांबली. शिडी एका सकाळी माळावरून गायब झाली, उस्मानपुऱ्याच्या ऑफिसला कुलूप लागलं, आणि मुकुंदवाडीच्या खोलीचा मालक माझी पिशवी दाराबाहेर ठेवून माझीच वाट बघत होता. मी साहेबाला फोन लावत राहिलो. रागानं नाही. मला वाटत होतं, तो काहीतरी सांगेल, एखादं कारण. फोन वाजायचा आणि बंद व्हायचा. नंतर वाजायचाही बंद झाला.

आत्यानं निरोप पाठवून मला बोलावून घेतलं. तिच्या घरी पोचलो तेव्हा तिची सून दारातच म्हणाली, आता मेंढरं मारायच्या कंपनीची मानसं बी पोसायची का आपन? तिचं काही चुकत नव्हतं. ती कोकरं तिनंही वाढवली होती. आत्या आतून म्हणाली, "कंपनीनं बी टाकला त्याला. आता आपन बी टाकू व्हय? ये रं भातखाऊ, आत ये." त्या दिवशी तिनं मुद्दाम तांदूळ शिजवला. सून वाढताना एवढंच म्हणाली, सगळा खाऊ नका, पोरांना ठिवा. मी तिथं बरेच दिवस राहिलो. उरलेल्या मेंढ्या चरायला नेल्या, तिचे हात बरे होईपर्यंत धारा काढायला शिकलो. पुढं तिच्या मुलानं वाळूजला त्याच्या ओळखीनं मला गाडीवर माल चढवायचं काम लावून दिलं.

सगळं इथंच थांबलं असतं तर मी अजूनही साहेबाला थोडी माफी दिली असती. भ्याला असेल, माझ्यासारखाच, असं म्हणालो असतो. पण एकदा मुकुंदवाडी स्टेशनबाहेर चहाच्या गाड्यावर वेल्डर भेटला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं मोबाइल काढला. म्हणाला, देख, अपने साहब कहाँ पहुँचे. कुठल्यातरी मोठ्या प्रदर्शनातला व्हिडिओ होता. साहेब सुटाबुटात. मागं पडद्यावर आमचा माळ. तीच शिडी, तोच धूर, नळी वळते, खाली येते. ती जिथं येते तिथं लाल गोल काढलेला. त्या गोलात आत्याचं वाडगं. आणि साहेब सांगत होता की प्रत्यक्ष परिस्थितीत घेतलेल्या चाचणीत लक्ष्यावर अचूक मारा.

मी तीनदा तो व्हिडिओ बघितला. आधी ती जागा रिकामी होती. मग तिथं बाण उतरला. मग तिथं हळदीमुळं चूक झाली. आता तिथं लक्ष्य होतं आणि कोणाचीच चूक झालेली नव्हती. सगळ्या वेळी तिथं कोकरं होती. वेल्डर म्हणाला, छोड ना, चाय पी. चहा थंड झाला होता.

मला वाटतं, त्या वेळेपर्यंत माझ्या मनात मोसंबीची ती फोड शिल्लक होती. त्या दिवशी ती गेली. आता मला हेही ठरवता येत नाही, की तो खाटेजवळ बसला तो मी आजारी होतो म्हणून, की माझ्या तोंडून त्याचं बोलणं खरं वाटायचं म्हणून. हे त्यानं माझ्याकडून नेलं. नुसता पगार बुडवला असता तर मी विसरलो असतो.

आत्याला दाखवायचं का नाही यावर मी आठवडाभर घोळत होतो. शेवटी दाखवलं, कारण तिच्यापासून लपवायचं म्हणजे पुन्हा मीच तिच्यासाठी शब्द निवडायचे. ती मोबाइल लांब धरून बघत होती. साहेबाचं बोलणं तिनं ऐकलंच नाही. पडदा वाडग्यावर आला तशी ती पुढं वाकली. म्हणाली, थांबीव. मला थांबवता येईना, पुन्हा पहिल्यापासून लावलं. तिनं बोट टेकवलं, तर चित्र सरकलं. "ही बग, कानफाटी," ती म्हणाली. "पिलाला पाजाय लागली हाय बग. अजून जित्ती हाय."

नळी यायच्या आधीचं ते क्षणभराचं चित्र. तिनं ते कितीदातरी लावायला सांगितलं आणि प्रत्येक वेळी नळी दिसायला लागली की मोबाइल माझ्या हातात दिला. मी गोलाचं, लक्ष्याचं काही सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. उठताना म्हणाली, लई गुणाची व्हती.

आत्या, तुला वाचता येत नाही, हे कोणीतरी तुला वाचून दाखवील. मी अजून वाळूजलाच आहे, घरी पैसे पाठवून हातात फारसं राहत नाही, आणि मेंढीतलं मला अजून नीट कळत नाही. पण एक दिवस मी तुझ्या माळावर मेंढ्या घेऊन येईन. नुकत्या व्यालेल्या, कोकरांसकट. तू दात बघून, सड बघून, नावं ठेवून निवडून घे. जी पसंत पडणार नाही ती बदलून आणीन. जेवढ्या गेल्या तेवढ्या भरेपर्यंत येत राहीन.